हिपॅटायटिस बी, सी आणि दाण्यावरची बुरशी: यकृताचा कॅन्सर रोखण्यासाठी काय, केव्हा, कसं करायचं

यकृताच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात हमखास एक प्रश्न येतो: ‘आयुष्यात दारूला शिवले नाहीत, मग यांना कसा झाला?’ दारूने यकृत खराब होतं आणि त्यातून कॅन्सरही होतो, हे खरंच. पण जगभराचा हिशोब केला तर या कॅन्सरमागे सगळ्यात मोठा हात हिपॅटायटिस बी आणि सी या दोन विषाणूंचा आहे. त्यांच्या जोडीला असतं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे शेंगदाणा, मका यांसारख्या मालावर वाढणाऱ्या बुरशीचं विष. विषाणूंसाठी साधी रक्ततपासणी आहे, औषधं आहेत, बी साठी लस आहे. विष रोखायला ऊन, निवडणं-पाखडणं आणि कोरडी जागा लागते. यातलं काहीच महाग नाही. चुकतं ते वेळेत, आणि कुठलं काम आधी करायचं यात.

हा क्रम आधीच सांगून टाकतो: पहिलं काम रक्ताचं, दुसरं स्वयंपाकघराचं. शेंगदाणे खायची धास्ती घेऊन बसलेली, पण हिपॅटायटिस बी ची तपासणी एकदाही न केलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांचं गणित उलटं झालंय. नव्वदच्या दशकात शांघायमधल्या १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासातून मिळालेले आकडे बघा. ज्यांच्या लघवीत फक्त अफ्लाटॉक्सिनच्या खुणा सापडल्या, त्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका सुमारे ३ पट होता. ज्यांच्या रक्तात फक्त हिपॅटायटिस बी होता, त्यांना सुमारे ७ पट. आणि दोन्ही असलेल्यांना? जवळपास ६० पट. म्हणजे ही नुसती बेरीज नव्हती, गुणाकारापेक्षाही जास्त होतं. म्हणून ज्याला बी आहे, त्याच्या घरात दाणा निवडण्याला वेगळंच महत्त्व येतं. पण बी आहे की नाही, हे तर आधी कळायला हवं.

आत नेमकं काय घडतं

बी चा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तिथे आपल्या डीएनएचं एक बंद कडं तयार करून ठेवतो. हे कडं वर्षानुवर्षं टिकतं. आजची औषधं विषाणूची वाढ दाबतात, हे कडं मात्र सहसा काढू शकत नाहीत. आपली प्रतिकारशक्ती लागण झालेल्या पेशी मारत राहते, त्यांच्या जागी नव्या पेशी येतात, आणि प्रत्येक विभाजनात चुकीला एकेक संधी मिळते. शिवाय विषाणूच्या डीएनएचे तुकडे थेट आपल्या जनुकांमध्ये घुसून बसतात. त्यामुळेच बी मध्ये सिरॉसिस (वणांनी यकृत कडक होणं) झालेला नसतानाही कॅन्सर होऊ शकतो.

सी ची रीत निराळी. तो आरएनएचा विषाणू आहे, आपल्या डीएनएत घुसत नाही. तो २०-३० वर्षं यकृत धुमसत ठेवतो, त्यातून वण पडत जातात, सिरॉसिस होतो आणि कॅन्सर बहुधा त्या सिरॉसिसमध्ये उगवतो. सी चं औषध सिरॉसिसच्या आधी घेण्यात एवढा फायदा का, ते इथे कळतं.

अफ्लाटॉक्सिनचं नुकसान तर यकृताच्या स्वतःच्या सफाईतून सुरू होतं. पोटातून आलेलं विष बाहेर टाकण्यासाठी यकृतातली विकरं त्याचं रूप बदलतात, आणि त्या प्रक्रियेत मध्येच एक अतिशय चिकट, आक्रमक रेणू तयार होतो. तो डीएनएतल्या ग्वानिन (जी) या अक्षराला चिकटतो. त्यातून होणारा एक ठरावीक बदल संशोधकांच्या चांगला ओळखीचा आहे: पी ५३ या जनुकातल्या २४९ क्रमांकाच्या जागेवर जी ऐवजी टी येतं. बिघडलेल्या पेशीला विभाजनापासून रोखणं हे पी ५३ चं काम. तेच बंद पडतं. चीनमधल्या चिदोंग भागात आणि आफ्रिकेच्या काही देशांत, जिथे बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा रोजच्या जेवणात होता, तिथल्या रुग्णांच्या गाठींमध्ये हाच बदल पुन्हा पुन्हा सापडला.

आता दोन्ही एकत्र आणा. बी मुळे पेशी सतत विभागत असतात. विषाने डीएनएत केलेली चूक दुरुस्त व्हायच्या आत तिची नक्कल होऊन जाते. साठ पटीचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

‘कावीळ’ म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडे सगळ्यालाच कावीळ म्हणतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते. ती त्रासदायक असते, गरोदरपणात ई तर जिवावरही बेतू शकतो. पण एरवी निरोगी असलेल्या माणसात हे दोन्ही शरीरात मुक्काम करत नाहीत आणि कॅन्सरही करत नाहीत. बी आणि सी रक्तातून पसरतात, आईकडून बाळाला जातात. बी शरीरसंबंधातूनही सहज पसरतो. यातल्या पुष्कळ जणांना डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं यातलं काहीच कधी होत नाही.

कावीळ उतरवून घेण्यात, माळ घालण्यात धोका असा: साधी कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते, श्रेय माळेला जातं आणि रक्ततपासणी राहून जाते. बी असेल तर डोळे पांढरे झाल्यावरही तो रक्तात राहू शकतो. म्हणून घरात कुणालाही, कधीही कावीळ झाली असेल, तर खालच्या दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत.

पायरी पहिली: दोन तपासण्या

प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात निदान एकदा एचबीएसएजी (बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी साठी) या दोन रक्ततपासण्या कराव्यात. भारतात २०२२ साली सुमारे ३ कोटी लोकांना बी ची आणि ५५ लाख लोकांना सी ची जुनाट लागण होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही.

थांबूच नये असे लोक म्हणजे: घरात कुणाला बी, सी, सिरॉसिस किंवा यकृताचा कॅन्सर झालेला असेल, डायलिसिस चालू असेल, पूर्वी बऱ्याचदा रक्त चढवलं असेल, लहानपणी गावात एकाच सुईने अनेकांना इंजेक्शन दिली जायची त्या काळातले असाल, रस्त्यावर, जत्रेत गोंदवून किंवा टॅटू काढून घेतला असेल, नशेची इंजेक्शनं घेतली असतील, दवाखान्यात सुया, रक्त हाताळत असाल, आणि प्रत्येक गरोदर बाई, प्रत्येक बाळंतपणात. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्याआधीही बी ची तपासणी हवीच, कारण झोपलेला विषाणू त्या औषधांनी उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात बी आणि सी च्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे’ असं विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर तो असा वाचा:

- एचबीएसएजी पॉझिटिव्ह: बी चा विषाणू आत्ता शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिला तर लागण जुनाट समजतात.
- एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस (बी विरुद्धची संरक्षक प्रतिपिंडं) १० किंवा जास्त: संरक्षण आहे, लसीमुळे किंवा पूर्वी होऊन बऱ्या झालेल्या लागणीमुळे. यातलं कोणतं, ते अँटी-एचबीसी (विषाणू कधीतरी शिरल्याची खूण) सांगतं. लसीने ते पॉझिटिव्ह होत नाही.
- तिन्ही निगेटिव्ह: लागण नाही आणि संरक्षणही नाही. लस घ्या.
- अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह: सी कधीतरी येऊन गेला किंवा अजून आहे. इथे थांबू नका, एचसीव्ही आरएनए (प्रत्यक्ष विषाणू शोधणारी तपासणी) करा. तो निगेटिव्ह असेल तर विषाणू आत्ता नाही.

शेवटच्या ओळीत सगळ्यात जास्त गल्लत होते. सी औषधाने पूर्ण बरा झाल्यावरही अँटी-एचसीव्ही बहुधा पॉझिटिव्हच येत राहतो. मग ऑपरेशनआधीच्या तपासणीत तो दिसला की घरचे पुन्हा हादरतात. आरएनए निगेटिव्ह आल्याचा रिपोर्ट जपून ठेवा, तोच दाखवायचा असतो.

एकाला बी निघाला की आई, भावंडं, नवरा-बायको, मुलं यांची तपासणी त्याच आठवड्यात करून टाका. बी घराघरात साखळीने सापडतो. वेगळी ताटवाटी, वेगळी खोली यांची काही गरज नाही. जेवणातून, मिठी मारण्यातून तो पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं कटर. बी चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस तग धरतो. सलूनमध्ये दर वेळी तुमच्यासमोर नवं ब्लेड लावलं जातंय ना, ते बघा.

पायरी दुसरी: बाळाचे पहिले २४ तास

या संपूर्ण विषयात सगळ्यात जास्त फळ देणारी कृती कोणती, तर ही. जन्मताना आईकडून लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये ती जुनाट होते. तोच विषाणू निरोगी प्रौढाला झाला तर ९५ टक्क्यांहून अधिक जण त्याला स्वतःच बाहेर काढतात. पुढे चाळिशी-पन्नाशीत होणाऱ्या कॅन्सरची सुरुवात त्या पहिल्या दिवसांत झालेली असते. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढीतल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर स्पष्टपणे घटला. कॅन्सर रोखणारी पहिली लस म्हणतात ती हीच.

आई पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, प्रत्येक बाळाला ०.५ मिली लस मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, २४ तासांच्या आत द्यायची. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. घोळ होतो तो इथे: बीसीजी आणि पोलिओ दिला जातो, आणि बी ची लस ‘दीड महिन्यानं घेऊ’ म्हणून राहते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बाळंतपण झालं की हे जास्त घडतं. घरी निघण्याआधी लसीकरण कार्डावर ‘हिपॅटायटिस बी, जन्मडोस’ या ओळीत तारीख आणि वेळ लिहिली आहे का, ते बघा.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि ती गोठली तर निकामी होते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली कुपी वितळल्यावर वरवर ठीक दिसू शकते, पण काम करत नाही. छोट्या नर्सिंग होममधल्या घरगुती फ्रीजमध्ये हा धोका खरा असतो.

आई पॉझिटिव्ह असेल तर तीन गोष्टींची भर पडते. गरोदरपणातच एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजून घ्या. ते दोन लाख युनिट प्रति मिलीपेक्षा जास्त असेल तर साधारण सातव्या महिन्यापासून, म्हणजे २८ व्या आठवड्यापासून, डॉक्टर टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी सुरू करतात. बाळाला लसीसोबत दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं, शक्यतो १२ तासांच्या आत. हे इंजेक्शन ऐनवेळी मिळत नाही, म्हणून आठव्या महिन्यातच ते कुठे मिळेल हे ठरवून ठेवा. आणि बाळ ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस तपासा. त्याआधी केलेली तपासणी फसवू शकते. आईने स्तनपान करायला हरकत नाही. ते बंद करायला सांगणाऱ्या शेजारणी-पाजारणींचं ऐकू नका.

मोठ्यांची लस

तीन डोस: आज, एक महिन्याने, पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दर वेळी १ मिली, दंडाच्या वरच्या स्नायूत. कमरेवर घेतली तर ती चरबीत राहून कमी काम करते. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिलेला डोस घ्या आणि पुढे चला. दवाखान्यात काम करणारे, डायलिसिसचे रुग्ण आणि पॉझिटिव्ह माणसाचा जोडीदार यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजावं. १० च्या वर हवं. तोवर जोडीदाराने कंडोम वापरावा. डायलिसिसवाल्यांना दुप्पट मात्रा लागते. सी साठी लस नाही.

पायरी तिसरी: उपचार आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी

सी आता पूर्ण बरा होतो. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, किंवा सिरॉसिस असेल तर सोफोस्बुविर आणि वेल्पाटास्विर, साधारण १२ आठवडे रोज गोळ्या. ९० टक्क्यांहून जास्त जण बरे होतात. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासायचा. निगेटिव्ह म्हणजे बरा. ही शेवटची तपासणी फार लोक टाळतात. गोळ्या सुरू करण्याआधी बी ची तपासणी हवी, कारण सी दबला की लपलेला बी डोकं वर काढू शकतो. बरं झाल्यानंतर पुन्हा लागण होऊ शकते, एकदा झाला म्हणून संरक्षण मिळत नाही.

बी मध्ये सगळ्यांना लगेच औषध लागतंच असं नाही. एएलटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी), एचबीव्ही डीएनए, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी), वय आणि घरातला कॅन्सरचा इतिहास बघून डॉक्टर ठरवतात. औषध म्हणजे टेनोफोविर किंवा एंटेकाविरची रोज एक गोळी, बहुधा अनेक वर्षं. सगळ्यात वाईट चूक म्हणजे रिपोर्ट चांगला आला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणं. विषाणू उसळून काही आठवड्यांत यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. गावाला जाताना, लग्नसराईत, महिनाभराच्या गोळ्या शिल्लक असल्याची खात्री करा. गोळी लागत नाही असं सांगितलेल्यांनीही दर सहा महिन्यांनी दाखवायचंच.

आता सोनोग्राफी. सिरॉसिस असलेला प्रत्येक माणूस, मग कारण कोणतंही असो. बी असलेले ४० च्या पुढचे पुरुष आणि ५० च्या पुढच्या बायका. बी असून घरात यकृताचा कॅन्सर झालेला असेल तर त्याही आधीपासून: या सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी, जमल्यास सोबत एएफपी ही रक्ततपासणी. सी बरा झाला पण सिरॉसिस आधीच होता, तर हे चालूच ठेवायचं. एकट्या एएफपीवर विसंबू नका, अनेक छोट्या गाठींमध्ये ते नॉर्मल असतं. सोनोग्राफीला सहा तास उपाशी जा, आणि चिठ्ठीवर ‘सिरॉसिस, गाठीसाठी तपासणी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘पोटाची सोनोग्राफी’ लिहिलं की घाईत उरकली जाते.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. त्याहून मोठी असेल तर तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय. सिरॉसिसमध्ये रंगद्रव्य दिल्यावर गाठ आधी उजळली आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडली, तर बायोप्सीशिवायही निदान होतं. सहा महिन्यांच्या अंतराला एवढा अर्थ यासाठी आहे: एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, तोवर प्रत्यारोपणाचा पर्याय उघडा असतो. गाठ लहान असेल तर शस्त्रक्रियेने किंवा सुईतून उष्णता देऊन ती जाळता येते. दुखायला लागेपर्यंत थांबलं तर हे पर्याय बहुधा निसटलेले असतात.

दारू या सगळ्यांना पूर्ण बंद. थोडी, सणासुदीला, बिअर, यातलं काहीच चालत नाही. मधुमेह आणि वाढलेलं वजन यांनीही वण पडायचा वेग वाढतो, तिकडेही लक्ष द्या.

पायरी चौथी: दाणा

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड, आणि तीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष. आपल्याकडचा धडा याहून कडू आहे. १९७४ च्या शरद ऋतूत राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी खेड्यांमध्ये अवेळी पावसात भिजलेला, ओलाच साठवलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ, पोटात पाणी. ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली. एवढी मोठी मात्रा एकदम पोटात जाणं विरळाच. आपला प्रश्न रोजच्या थोड्या थोड्या मात्रेचा आहे, वर्षानुवर्षांचा.

आधी तीन गोष्टी पक्क्या करा. हे विष भाजून, उकळून, कुकरमध्ये शिजवून जात नाही. ते २०० अंशांच्याही वर तगून राहतं, भाजल्याने फार तर काही अंशाने कमी होतं. बुरशी पुसली, धुतली, उन्हात ठेवली तरी आत उतरलेलं विष तिथेच असतं. आणि बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही, असंही नाही.

खरेदीपासून सुरू करा. शेंगदाणे अख्खे, टपोरे, साल शाबूत असलेले घ्या. फुटके, सुरकुतलेले, काळपट, लहान राहिलेले दाणे हेच विषाचं घर असतात. स्वस्तातला चुरा-तुकडा माल म्हणूनच टाळा. दुकानात मूठभर दाणे घेऊन दहा-बारा फोडून बघा. दाण्याच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या पोकळीत पिवळट-हिरवी पूड दिसली तर ते पोतंच नको. तयार कूट विकत घेऊ नका, कारण दळल्यावर कोणता दाणा आत गेला हे कुणालाच कळत नाही. साबुदाण्याची खिचडी, चटण्या, भाज्या, भरली वांगी, सगळीकडे आपल्या घरात कूट पडतं. महाराष्ट्रातल्या घराने बाकी काही केलं नाही तरी एवढं करावं.

निवडायचे दोनदा. एकदा भाजण्याआधी, ताटात पसरून उजेडात. भाजल्यावर रंग बदलतो आणि वाईट दाणा लपतो. दुसऱ्यांदा भाजून, सालं पाखडल्यावर: बाकीच्यांपेक्षा गडद राहिलेले, सुरकुतलेले काढून टाका. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारांतला एखादाच दाणा भयंकर विषारी असतो आणि बाकीचे साफ. म्हणूनच हाताने निवडण्याचा एवढा उपयोग होतो. खाताना एखादा कडू, खवट लागला तर गिळू नका, थुंकून चूळ भरा. कूट आठवड्यापुरतंच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आतून बघा. हिरवट-काळपट डाग खरवडून वापरायच्या नाहीत. मिरची दळायला नेण्याआधी काही मोडून बघा, आत बियांवर करडी बुरस असेल तर ती मिरची मसाल्यात नको. पावावरची बुरशी फेकून द्यायचीच असते, पण ती बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची असते. एखादा घास पोटात गेला म्हणून कॅन्सरची भीती बाळगायचं कारण नाही.

बी किंवा सिरॉसिस असलेल्यांनी शेंगदाणे कायमचे सोडायची गरज नाही. निवडलेले खा, बाहेरची शंकास्पद शेंगदाणा चटणी, कूट घातलेला स्वस्त फरसाण टाळा, आणि रोज एकाच धान्यावर राहू नका. चिदोंगमध्ये लोकांचं मुख्य अन्न मक्यावरून तांदळाकडे वळल्यावर त्यांच्या शरीरातलं अफ्लाटॉक्सिन खूप खाली आलं.

शेतात आणि साठवणीत

बुरशी मातीतच असते, तिला संधी देते ती ओल आणि इजा. शेंगा भरण्याच्या शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत पाण्याचा ताण बसला, जमीन तापली की उभ्या पिकातच विष तयार होतं. हाताशी पाणी असेल तर एखादं संरक्षक पाणी याच काळात द्या. वाळवी आणि हुमणीने पोखरलेल्या शेंगांतून बुरशी आत शिरते. खुरपणीत शेंगा कापल्या जाणार नाहीत हे बघा.

काढणी उशिरा नको. चार-पाच झाडं उपटून शेंगा फोडा; बहुतेक टरफलांची आतली बाजू काळपट-तपकिरी झाली की पीक तयार. वेल उपटल्यावर शेंगा वर येतील असे उलटे ठेवून वाळवा, ढीग करून झाकू नका, आत घाम धरतो. उन्हाळी भुईमुगाची काढणी मे-जूनमध्ये नेमकी वळवाच्या तोंडावर येते, तेव्हा ताडपत्री आधी आणून ठेवा. शेंगा सात-आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळायला हव्यात: हलवल्यावर आतला दाणा खुळखुळतो, आणि चोळल्यावर दाण्याचं साल सुटतं. मक्याला १२-१३ टक्के.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची चाचणी करा. कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे पूर्ण कोरडं मीठ घ्या, बाटलीचा पाव ते तिसरा हिस्सा मका टाका, बूच लावून तीन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. न चिकटणं म्हणजे १५ च्या खाली एवढंच, साठवायला त्यापुढे अजून एक-दोन कडक उन्हं द्या.

एक वाईट सवय सोडायला हवी. शेंगा यंत्रात फोडताना दाणा तुटू नये, वजन भरावं म्हणून टरफलावर पाणी मारतात. तो ओला दाणा पोत्यात भरला की काही दिवसांत बुरशी. आधी वाळवलेल्या मालाची सगळी मेहनत त्या पाण्याच्या शिडकाव्यात जाते. शक्यतो शेंगेतच साठवा, विकायच्या वेळी फोडा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर. हवाबंद पिशव्या उत्तम, पण माल पूर्ण वाळलेला असेल तरच.

मोठा माल असेल तर प्रयोगशाळेत तपासा. भारतातली कायदेशीर मर्यादा धान्य, डाळींसाठी आणि प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्यासाठी १५ पीपीबी, म्हणजे टनाला १५ मिलिग्रॅम. वर सांगितलंच की विष मोजक्या दाण्यांत असतं, त्यामुळे एका पोत्याच्या तोंडची मूठ पाठवली तर रिपोर्ट स्वच्छ येईल आणि माल तरीही परत येईल. अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून थोडं थोडं घ्या, निदान पाच किलो जमवा, सगळं एकत्र दळा आणि मग त्यातून नमुना काढा.

निवडून काढलेला वाईट दाणा जनावराला किंवा घाण्यावर देऊ नका. तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, आणि न गाळलेल्या कच्च्या तेलात गाळासोबत थोडं येतं. रिफाइंड करताना ते जवळजवळ सगळं निघतं. तीच पेंड गाई-म्हशींनी खाल्ली की त्यातला साधारण १ ते ३ टक्के भाग दुधात उतरतो, नाव बदलून: अफ्लाटॉक्सिन एम १. दूध तापवून ते जात नाही. दुधातली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. सरकी आणि शेंगदाणा पेंड घेताना गोळे झालेली, कुबट वासाची, रंग बदललेली नको. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका. खराब पेंड गेल्याचं लक्षात आलं तर ती त्याच दिवशी थांबवा. विष दुधात एका दिवसाच्या आत दिसायला लागतं, आणि खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत जवळपास नाहीसं होतं. तेवढे दिवस ते दूध घरच्या लहान मुलांना देऊ नका आणि डेअरीलाही घालू नका.